वात, पाणी आणि माळी

आजचं चिंतन ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातलं. अभ्यासही जमत नाही म्हणणाऱ्या साधकाला माउली तिथे पाण्याचा दृष्टांत देतात. माळी नेईल तिकडे पाणी मुकाट्याने जातं. मी झाड वाढवलं, असं ते म्हणत नाही. कर्म करावं ते असं.

हा दृष्टांत सध्या आमच्या जळगावच्या घरात रोज दिसतोय. आईचं वय ६५. मुक्ताईनगरहून निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीबरोबर पायी जायची तिची फार वर्षांची इच्छा. महिनाभराची वाट. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं आणि शेवटचं कारण ठरलेलं, "एवढ्या कुंड्यांना पाणी कोण घालील?" मी नोकरीसाठी पुण्यात. जळगावचा उन्हाळा ४४-४५ अंशांचा, आणि पालखी निघते तेव्हा तो पुरता सरलेलाही नसतो. शेजारच्या काकूंना रोज वीस कुंड्या सांगणं बरं नव्हे.

म्हणून यंदा वातीवर चालणारी हायड्रोपोनिक पद्धत बसवली. मोटर नाही, वीज नाही. खाली झाकणाची बादली, वर भोकं असलेली कुंडी. कुंडीत मातीऐवजी धुतलेलं कोकोपीट. कुंडीतून बादलीच्या तळापर्यंत सोडलेली जाड दोरी, हीच वात. सुती दोरी काही महिन्यांत कुजते, म्हणून पॉलिस्टरची घेतली; आधी भिजवून पाणी चढतंय ना ते पाहिलं. नुसत्या पाण्यात झाडाचं पोट भरत नाही, त्यामुळे हायड्रोपोनिक्सचं खत पाण्यात विरघळवायचं, घरातल्या झाडांना पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं. बादलीत उजेड गेला की शेवाळ धरतं, झाकण उघडं राहिलं की डास होतात. पाणी कुंडीच्या बुडाला टेकू द्यायचं नाही, मुळांना हवाही लागते. मनी प्लांट, पुदिना, स्पायडर प्लांट यावर छान राहतात.

गंमत अशी की वात पाणी ढकलत नाही. पानांतून जेवढं उडतं तेवढंच झाड ओढून घेतं. महादेवाच्या पिंडीवरची गळती आठवा. घागरभर पाणी एकदम ओतलं तर वाहून जातं, थेंब थेंब पडलं की अभिषेक होतो. आपणही वर्षभर कोरडे राहतो आणि एकादशीला घागर ओततो. मनाचं कोकोपीट तेवढ्याने भिजत नाही हो. रोजचा दहा मिनिटांचा हरिपाठ ही वात.

पण "आपोआप" या शब्दाने फसू नका. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. पाणी उताराने आपसूक शेतात जातं, तरी पाटावर पाटकरी फिरतोच. कुठे गाळ साचला, कुठे पाट फुटला, कोणाची पाळी राहिली, हे तो बघतो. व्यवस्था कष्ट कमी करते, लक्ष कमी करत नाही. आमच्याही बादल्या आठवड्यातून एकदा भरायच्या आहेत. किती दिवस पाणी पुरतं हे आई घरात असतानाच दहा दिवस खुणा करून मोजलं. जळगावचं पाणी जड. वर पांढरा थर दिसला की वरून साधं पाणी सोडून कुंडी धुवायची. काकू आठवड्याला एकदा येतील, एवढं त्यांनी आनंदाने कबूल केलं.

तुळस मात्र वातीवर लावली नाही. तिला ऊन हवं, सतत ओले पाय तिला मानवत नाहीत, आणि आईलाही ते पटेना. तिच्या कुंडीची सोय काकूंच्या अंगणात, रोज सकाळी एक तांब्या हाताने. मला वाटतं हेच बरोबर आहे. जे व्यवस्थेवर सोपवता येतं ते सोपवावं, म्हणजे जे हातानेच करायचं त्याला हात मोकळा राहतो.

प्रपंच सोडून वारीला जायचं नसतं, लावून देऊन जायचं असतं. आई पालखीबरोबर निघाली. झाडं आता माळ्याची.

आजचा संकल्प: "मी नसलो तर कसं होईल" असं जे एक काम आपल्याला अडवून धरतंय, त्याला आज एक वात लावू. मोकळी झालेली दहा मिनिटं नामाला देऊ.

मुक्ताई माउली की जय. राम कृष्ण हरी.