वाटाड्या

इंदूरहून देपालपूरमार्गे गौतमपुऱ्याला निघालो की गाडीतला आवाज सांगतो, तीनशे मीटरवर डावीकडे वळा. आपण वळतो आणि समजतो, उपग्रहाने वाट दाखवली.

उपग्रहाला गौतमपुरा ठाऊक नाही. देपालपूरही नाही. जीपीएसचा उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून दोनच गोष्टी सांगत असतो: मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. तो निरोप पोहोचायला साधारण सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. तो उशीर मोजून यंत्र आपला ठावठिकाणा काढते. त्यासाठी तीन उपग्रह पुरले असते. पण आपल्या यंत्रातले घड्याळ स्वस्तातले, त्याची चूक धरायला चौथा लागतो. आपली चूक आहेच असे गृहीत धरून केलेला हा हिशेब मला फार आवडतो. बरे, हा निरोप एकतर्फी असतो. कोण ऐकतोय, कुठे निघालाय, याचा उपग्रहाला पत्ताही नसतो.

म्हणजे आकाशातून कळते ते ठिकाण. वाट येते नकाशातून, आणि नकाशा माणसांनी ठेवलेल्या नावांवर चालतो. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई, त्यांच्या नावाचे हे गाव. रेल्वेने मात्र स्टेशनला नाव दिले 'गौतमपुरा रोड'. नाशिक रोडला उतरलेल्या माणसाला त्यातली खूण सांगावी लागत नाही: पाटीवर 'रोड' दिसले की गाव अजून पुढे आहे. यंत्रात घाईने चुकीचे नाव दाबा, तोच आवाज तितक्याच ठामपणे स्टेशनच्या दारात नेऊन सोडील.

तरीही आवाज हवाच. ताशी 60 किलोमीटरने जाताना पडद्याकडे दोन सेकंद पाहिले, तर गाडी तेहतीस मीटर न बघता पुढे गेलेली असते. मध्येच बैलगाडी आली तर? ऑक्टोबर 2020पासून आपल्या नियमांत चालकाला मोबाइल वापरायची मुभा आहे, पण फक्त वाट शोधण्यासाठी, आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. हात मोकळे झाले, डोळे रस्त्यावर राहिले. लक्षाचे मात्र तसे नाही. ते पुढच्या सूचनेची वाट बघत कानात जाऊन बसते आणि समोरची मैलाची पाटी वाचायची राहून जाते. जुना वाटाड्या वळण सांगायचा तसा वळणाची ओळखही सांगायचा: वडाच्या पुढे, विहिरीच्या अलीकडे. म्हणून परतीच्या वेळी तो सोबत नसला तरी चाले.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्यात हिंगोट युद्ध असते. एक बाजू तुर्रा, दुसरी कलंगी. आपल्या शाहिरीतली जोडीच जणू. दारू भरलेली हिंगोटाची पेटती फळे एकमेकांवर फेकली जातात आणि बघायला हजारो लोक लोटतात. त्या संध्याकाळी आवाज सरळ जा म्हणाला, तरी गाडी गावाबाहेर लावावी आणि माणसे जिकडे चालली आहेत तिकडे चालू लागावे.