चाकांवरचे घर आणि मुसाफिराची नमाज

डोंगरी म्हटले की आपल्या वाचकांना मुंबईतली डोंगरी आठवते. आमची डोंगरी ती नव्हे. ही भाईंदर पश्चिमेची, उत्तनच्या वाटेवरची. शेजार बहुतेक ख्रिस्ती. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी येथूनच भाड्याची कॅराव्हॅन घेऊन भंडारदऱ्याला जायचे ठरवले. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून हे खूळ माझ्या डोक्यात होते. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, पाण्याची टाकी. लॉजच्या काउंटरवर नाव सांगताच समोरच्याचा बदलणारा चेहरा पाहायला नको, हाही एक हिशेब होता. तो मी पत्नीला सांगितला नाही. तिला ठाऊक असावा.

घोडबंदर, भिवंडी, कसारा घाट, घोटी असे करीत शेंडीला पोहोचेपर्यंत अंधार पडला. एका बाजूला 1646 मीटर उंचीचे कळसूबाई, पुढे प्रवरेवरच्या धरणाचा तलाव. धरण 1926 साली पूर्ण झाले. पाणी काळेभोर, निश्चल. मी खुर्ची टाकून बसलो. आत ती कांदा चिरत होती.

जेवणानंतर इशाची नमाज. मी दोन रकात पढलो. तिने चार.

आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई फिक्हनुसार सुमारे 80 किलोमीटरांपलीकडे गेलेला, आणि येण्याजाण्याचे दिवस वगळून चार दिवसांहून कमी मुक्काम करणारा माणूस मुसाफिर. जोहर, असर आणि इशा या चार रकातींच्या नमाजा त्याने दोन कराव्यात ही सवलत आहे, सक्ती नाही. म्हणून तिचे काही चुकले नव्हते. तरी मी विचारले.

ती म्हणाली, “तुम्ही मुसाफिर. मी कुठे सफर केली? चूल तर बरोबरच आली.”

मला हसू आले. मग आले नाही.

हा प्रश्न तिचा एकटीचा नाही, हे घरी आल्यावर किताबी चाळताना कळले. जुन्या फकिहांपुढे तो होडीच्या रूपाने आला होता. ज्या नावाड्याचे बायकामुले, सामानसुमान सगळे होडीवरच आहे, तो मुसाफिर की मुकीम? इमाम अहमद बिन हंबल म्हणतात, त्याने कसर करू नये; तो घर सोडून गेलेलाच नाही. इमाम शाफई म्हणतात, करू शकतो, पण पूर्ण पढणे अधिक चांगले. कॅराव्हॅन ही जमिनीवरची होडीच. पण या साऱ्या चर्चेत नावाडी एकच आहे. होडीवर रांधणारीची सफर कोणी वेगळी मोजलेली मला आढळली नाही.

उत्तनच्या बोटी कित्येक दिवस समुद्रात राहतात. शेजारच्या मच्छीमाराला हे सांगितले, तर तो म्हणाला, “आमच्याकडे रांधायला वेगळा खलाशी असतो, त्याला पगार असतो.” माझ्याकडे यावर उत्तर नव्हते.

कोणी म्हणेल, सवलत कष्टाच्या मापाने मिळत नाही. खरे आहे. सूरह अन-निसाच्या 101व्या आयतीत कसरबरोबर भीतीचा उल्लेख आहे. भीती संपल्यावरही कसर का, असे हजरत उमर यांनी विचारले, तेव्हा ही अल्लाहने दिलेली देणगी आहे, ती स्वीकारा, असे पैगंबरांनी (स.) सांगितले. हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. विमानात आरामात बसलेलाही म्हणूनच कसर करतो. मग माझ्या पत्नीनेही देणगी घ्यावी, असे मी त्या रात्री तिला सांगितलेही. ती म्हणाली, “अल्लाहने दोन रकाती माफ केल्या. भाकऱ्या माफ करणे त्याने तुमच्यावर सोडले असेल.”

मला खटकते ते हे. परक्या दारात उभे राहण्याची नामुष्की टाळायला मी घर बरोबर घेतले. माझी अब्रू राखली गेली, पण तिची किंमत तिने भरली, आणि मी तिला विचारलेही नव्हते. लॉजच्या काउंटरवर कदाचित आम्हा दोघांचा अपमान झाला असता. पण निदान तिला आयता चहा मिळाला असता.

दुसऱ्या दिवशी शेगडी मी पेटवली. भात खाली लागला, डाळीत मीठ दोनदा पडले. ती पाण्याच्या काठी, दगडावर बसून होती. काय पाहत होती कोण जाणे. जोहरची वेळ झाली. तिने जानमाज बाहेरच अंथरली. किती रकात पढली, ते मला दिसले नाही. मी भांडी घासत होतो.