डाळिंब कोणी लावलं?

वणीहून सप्तशृंग गडाकडे निघालं की नांदुरीपर्यंतच्या वाटेवर द्राक्षबागा लागतात. त्यातल्याच एका बागायतदाराचा नातू शेती शिकला. झाडं मुळांनी पाणी कसं ओढतात यावर त्याने डॉक्टरेट केली आणि पुढच्या संशोधनासाठी तो इस्रायलला, हैफा शहरात गेला. आपल्याकडे ठिबक म्हटलं की त्या देशाचं नाव निघतं, त्यामुळे घरी अभिमान होता. धाकधूकही होती. तिकडची बातमी लागली की आजी हातातलं काम टाकून टीव्हीसमोर येऊन उभी राहायची.

तिथे आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी दिवस मावळला की शब्बाथ सुरू होतो, बहुतेक बसगाड्या आणि आगगाड्या बंद होतात. म्हणून चार मराठी मित्र मिळून भाड्याची मोटार घ्यायचे आणि भटकायचे. अक्कोचा किल्ला झाला, गॅलिलीचं सरोवर झालं, मृत समुद्रात तरंगून झालं. शनिवारी रात्री सगळे फोटो घरच्या ग्रुपवर येत. जेवणं उरकून आबा चष्मा लावून वाटच बघत असत.

2022 च्या जूनमध्ये ही मंडळी गोलान पठारावर गेली. सीरियाचा हा मुलूख इस्रायलने 1967 च्या युद्धात घेतला. आजही रस्त्याकडेला काटेरी तारा आहेत आणि आत सुरुंग असल्याचं सांगणाऱ्या पिवळ्या पाट्या. बेन्ताल डोंगरावर लष्कराचे जुने खंदक, त्याला लागूनच कॉफीचं दुकान आणि दमास्कस 60 किलोमीटर असं सांगणारा फलक. पोरांनी खंदकाच्या तोंडाशी बंदूक धरल्याचा आव आणून फोटो काढले. परतताना बानियासचा झरा पाहिला. तिथे एका पडक्या दगडी भिंतीशी डाळिंबाचं झाड होतं, लालभडक फुलांनी लदलेलं. त्याचाही फोटो निघाला.

त्या रात्री आबांनी खंदकाचे फोटो भराभर पुढे सारले. डाळिंबाशी मात्र त्यांचं बोट थांबलं. फोटो मोठा करून त्यांनी बुंधा पाहिला आणि नातवाला फोन लावला.

“हे डाळिंब कोणी लावलं रे?”

“माहीत नाही आबा. जंगलच आहे तिथे. राखीव.”

“जंगल कसलं? बारमाही पाणी, रचलेली भिंत आणि भिंतीला धरून डाळिंब. हे कोणाचं तरी परसू आहे. बुंधा जुना, त्याला बुडातून नवे फुटवे आलेत. गाव होतं तिथे. माणसं कुठे गेली?”

नातू जरा चिडला. “आबा, लढाईच्या जागा बघायला सगळेच जातात. आपल्या वणी-दिंडोरीच्या रणभूमीचा तुम्हाला केवढा अभिमान आहे!”

“आहेच. सुरतेहून परतताना महाराजांनी दाऊदखानाला गाठलं ते 1670 साली. त्यात दोन्हीकडची जी माणसं पडली, त्यांच्यासाठी रडणारं आज कोणी उरलेलं नाही, म्हणून आपण छाती काढून पोवाडा ऐकतो. पण हे डाळिंब लावणारा अजून जिवंतसुद्धा असेल.”

आजी शेजारीच बसली होती. तिच्या माहेरची जमीन धरणात गेलेली. रविवारी शहरातून माणसं धरणावर येतात, डबे खातात, फोटो काढतात. आजीने त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. त्या रात्री ती एवढंच म्हणाली, “मला कोणी विचारलं असतं ना, तर आमची विहीर कुठे होती ते मी दाखवलं असतं.”

मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. परक्याने आपल्या गावी येऊ नये असं उजाडलेल्या माणसाचं म्हणणं नसतं. आलाच आहेस तर विचार, एवढीच त्याची अपेक्षा असते.

नातवाने शोध घेतला. बानियास हे नुसत्या झऱ्याचं नाव नव्हतं. 1967 पर्यंत तिथे त्याच नावाचं गाव नांदत होतं. त्या युद्धात गोलानमधली बहुतेक सीरियन माणसं उठली आणि परत येऊ शकली नाहीत. मुख्यतः द्रूझ समाजाची मोजकी गावं तेवढी टिकली. त्यातलं सगळ्यात मोठं मजदल शम्स. पुढच्या शनिवारी तो एकटाच तिकडे गेला. चेरीचा हंगाम चालू होता. एका म्हाताऱ्या बागवानाला त्याने सांगितलं, मी शेतकऱ्याचा नातू आहे, काम सांगा. म्हाताऱ्याने हातात बादली दिली आणि तोडणी शिकवली: फळ देठासकट घ्यायचं, पण पुढच्या वर्षीचा डोळा मोडू द्यायचा नाही. नातवाला आबांची बोटं आठवली.

दुपारी बिनसाखरेची कडू कॉफी पिताना म्हातारा बोलू लागला. बहीण लग्न होऊन कुनैत्राच्या फाटकातून सीरियात गेली. नवरी एकदा पलीकडे गेली की माहेरी परतायची सोय नसे. मग गावाबाहेरच्या दरीच्या दोन्ही काठांवर नातलग जमत आणि भोंग्यातून ओरडून एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत. बारसं, मयत, सगळं त्या भोंग्यावरच. पुढे मोबाइल आले आणि सीरियात यादवी पेटली, तसा तो काठ ओस पडला. नातू त्या काठावर उभा राहिला. फोटो काढायचं त्याच्या मनातही आलं नाही.

मग तो जातच राहिला. 7 ऑक्टोबर 2023 च्या हल्ल्यानंतर युद्ध भडकलं. भारत सरकारने ‘ऑपरेशन अजय’ सुरू केलं आणि त्यातल्या एका विमानाने तो परतला. वणीला पोचल्यावर म्हाताऱ्याचाच फोन आला, सुखरूप पोचलास ना? नातवापाशी परतीचं विमान होतं. म्हाताऱ्यापाशी बाग होती, ती सोडून तो कुठे जाणार?

27 जुलै 2024 हा शनिवारच. मजदल शम्सच्या फुटबॉल मैदानावर रॉकेट पडलं आणि खेळणारी 12 मुलं-मुली गेली. वणीच्या घरात त्या रात्री कोणी जेवलं नाही. पुष्कळ वेळाने फोन लागला. म्हाताऱ्याच्या घरातले वाचले होते, पण एवढ्याशा गावात परकं मूल कोणतं असतं? तो रडत होता आणि नातू इकडून नुसता हुंकार देत होता.

त्यानंतर आबांनी तो नंबर स्वतःच्या फोनमध्ये घालून घेतला. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, नातू मध्ये बसतो. ऑक्टोबरात बागेत गोडी छाटणी चालू असताना म्हाताऱ्याचा फोन आला. द्राक्षाच्या काडीवर किती डोळे राखता, हे त्याला हवं होतं. नातू सांगायला लागला, तेवढ्यात आबांनी कात्री खाली ठेवली आणि त्याला अडवलं.

“डोळ्यांचं मग सांगू. आधी विचार, बहिणीशी बोलणं झालं का त्यांचं?”