कर्ता, प्रेक्षक आणि अपराधभाव

व्हिडिओ गेममधील कथन गंभीर चित्रपटाच्या तोडीचे असू शकते काय, या वादात दोन्ही पक्ष एक गोष्ट न तपासताच स्वीकारतात : चित्रपट हाच मानदंड. अमेरिकन चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २००५ मध्ये हे माध्यम चित्रपट व साहित्य यांहून स्वभावतःच गौण ठरविले. खेळात खेळणाऱ्याला निवड करावी लागते, तर गंभीर कलाकृतीला कर्त्याचे नियंत्रण आवश्यक असते, हा त्यांचा युक्तिवाद. (२०१० मध्ये, न खेळलेल्या गोष्टींविषयी आपण बोलायला नको होते, असे त्यांनी मान्य केले, युक्तिवाद मात्र सोडला नाही.) यावर समर्थक सांगत राहिले, की आमचे खेळही चित्रपटासारखेच असतात. हे उत्तर म्हणजे प्रतिपक्षाच्याच तराजूत स्वतःला तोलून घेणे होय. शिवाय ज्या भागांना ‘चित्रपटासारखे’ म्हटले जाते, तेथे बहुधा खेळ थांबलेला असतो.

‘द लास्ट ऑफ अस’ या २०१३ मधील खेळाचा शेवट या संदर्भात तपासण्यासारखा आहे. बुरशीच्या संसर्गाने जग उद्ध्वस्त झाले आहे. एली या मुलीच्या मेंदूतून त्यावरचा उपाय मिळण्याची आशा आहे, पण त्या शस्त्रक्रियेत ती मरणार आहे. ती बेशुद्ध आहे. तिला कोणी विचारलेले नाही. तिला सोडवायला निघालेला जोएल शस्त्रक्रियागृहात शिरतो. शल्यविशारद हातात सुरी घेऊन आडवा उभा राहतो. त्याला मारल्याखेरीज कथा पुढे सरकत नाही, आणि मारण्यासाठी कळ दाबावी लागते ती खेळणाऱ्याला. २०२३ मध्ये दूरचित्रवाणी मालिकेत हाच प्रसंग आला, तेव्हा प्रेक्षकाला काहीच करावे लागले नाही.

भाव आपलाच आहे किंवा अमक्या परक्याचाच आहे, असे वाटणे हे अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतील विघ्न मानले आहे. मालिकेच्या प्रेक्षकाला जोएलचा क्रोध साधारणीकृत रूपात भोगता येतो. खेळणाऱ्यापुढे ते विघ्न ठाण मांडून बसलेले असते, आणि त्याच्या अनुभवाची सारी धार त्या विघ्नातच असते. प्रेक्षकाला करुणा वाटेल, भय वाटेल. आपण हे केले, असे वाटणार नाही.

परंतु ज्याला पर्याय नव्हता, त्याचा अपराधभाव खरा कसा मानावा? हा आक्षेप हलका नाही. खेळणाऱ्याला यंत्र बंद करून उठून जाता आले असते, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर मला पोकळ वाटते. पुस्तक मिटून ठेवणाऱ्या वाचकावर पात्राच्या कृत्याची जबाबदारी आपण टाकत नाही. येथे नैतिक दोष सिद्ध होत नाही, एवढे मान्य करावे. अनुभवास येते ती स्वेच्छेविना आलेली कर्तृत्वाची जाणीव. नियंत्रण सर्वस्वी रचनाकाराचे, आणि तरीही हात खेळणाऱ्याचा. ईबर्ट यांच्या विभागणीत या संयोगाला जागाच नाही.

त्या खोलीत आणखी दोन माणसे असतात, भेदरलेली, निःशस्त्र. त्यांना सोडता येते, मारताही येते. निवड आहे ती केवळ येथे. २०२० च्या उत्तरभागाचे कथानक शल्यविशारदाच्या मृत्यूतून उभे राहते. या दोघांचे काय केले, याची दखल मात्र कथा घेत नाही. ते फक्त खेळणाऱ्याला ठाऊक असते.