करावं लागलं, पण कुणाला?

बुडापेस्टच्या ऑफिसात दोन वर्षं होतो तेव्हा हौसेने हंगेरियन शिकायला घेतली. कामापुरती आली, बरीचशी विसरलोही. सक्ती सांगणारे तीन शब्द मात्र डोक्यातून जात नाहीत.

पहिला 'केल', म्हणजे पाहिजे. 'मला गेलं पाहिजे' हे 'मेन्नेम केल' असं म्हणतात. 'मेन्नी' म्हणजे जाणं. त्याला 'म' लागला की 'माझं जाणं'. हा 'म' घराला लागतो तोच: 'हाझ' म्हणजे घर, 'हाझॉम' म्हणजे माझं घर. जोर द्यायचा असेल तर आधी 'नेकेम' जोडायचं, म्हणजे 'मला'. इंग्रजीतून शिकणाऱ्यांची इथे तारांबळ उडते, कारण त्यांच्या वाक्यात 'मी' कर्ता असतो. मराठी माणसाला काही विशेष वाटत नाही. मला जायला पाहिजे, मला जावं लागतं. आपलंही कर्तव्य 'मला'नेच सुरू होतं. आणखी गंमत म्हणजे 'केल' हा 'पाहिजे'सारखाच दुतोंडी आहे. कॉफी पाहिजे तेव्हाही 'केल', कर भरला पाहिजे तेव्हाही 'केल'. प्रेमात पडलेला माणूस 'मला तू हवीस' म्हणतो तेव्हाही तोच.

फरक एका ठिकाणी पडतो. मराठीत 'मला' गाळलं की वाक्यातून माणूस नाहीसा होतो. 'करावं लागलं.' कुणाला? वाक्य सांगत नाही. हंगेरियनमध्ये 'नेकेम' गाळलं तरी क्रियापदाला चिकटलेला 'म' मागे राहतो. तोही काढता येतो, सूचनाफलकांवर काढलेला असतोच, पण तो मुद्दाम काढावा लागतो.

दुसरा शब्द 'मुसाय'. हा 'केल'पेक्षा कडक, पर्यायच नसलेला. जेवण संपव म्हटलं की तिथली पोरं रडव्या सुरात विचारतात, 'मुसाय?' मूळ जर्मन: 'मुस झाइन', म्हणजे झालंच पाहिजे. १७८४ साली दुसऱ्या जोसेफने लॅटिनच्या जागी जर्मन ही कारभाराची भाषा करायचं फर्मान काढलं आणि १७९० मध्ये, मरायच्या थोडं आधी, इतर बहुतेक फर्मानांसोबत मागे घेतलं. सैन्यातल्या हुकमाची भाषा मात्र १९१८ पर्यंत जर्मनच होती. शब्द नेमका कधी शिरला ते बाजूला ठेवू. पण सक्तीसाठीचा शब्द राज्यकर्त्याच्या भाषेतून यावा यात मला नवल वाटत नाही. आपला 'हुकूम' तरी कुठून आला?

आता माझी गोष्ट. टीम सहा जणांची. वार्षिक मूल्यमापनात एकाला तरी खालची श्रेणी द्यायचीच, असा वरून नियम. मी ती टीममधल्या सर्वात वयस्क सहकाऱ्याला दिली. काम वाईट नव्हतं. तो भांडणार नाही हे मला माहीत होतं. बंद खोलीत त्याला सांगताना माझ्या तोडक्यामोडक्या हंगेरियनमध्ये म्हणालो, 'मुसाय व्होल्त.' करावंच लागलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, 'किनेक?'

म्हणजे 'कुणाला?'

उपहास असेल असं मला वाटत नाही. त्या भाषेत हा साधा प्रश्न आहे. सक्ती आली की ती कुणाला तरी आलेली असते.

सार्त्रच्या वाचकांकडे याचं तयार उत्तर असतं: 'करावं लागलं' ही पळवाट, माणूस नेहमी निवडतच असतो. मला ते पुरतं पटत नाही. माझी मावशी अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करत होती. ती 'मला करावं लागतं' म्हणायची, तेव्हा ती काही लपवत नव्हती. सक्ती खरोखर अंगावर येते, आणि तिला 'मी निवडलं' म्हणायला लावणं मला उद्धटपणाचं वाटतं. पण मावशीच्या वाक्यात 'मला' असायचं. माझ्या वाक्यात मी कुठेच नव्हतो.

मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? नोकरी गेली नसती. बढती वर्षभर पुढे गेली असती, इतकंच. म्हणजे ते 'मुसाय' नव्हतंच. ते 'केल' होतं, आणि तेही कॉफीचं: मला बढती पाहिजे होती. 'पाहिजे'चे दोन अर्थ एकाच शब्दात राहतात म्हणून हव्यासाला कर्तव्याचा कोट चढवणं सोपं जातं. मी तर त्यावर जर्मन गणवेश चढवला.

तिसरा शब्द 'तॉर्तोझिक'. याचे अर्थ तीन: एखादी गोष्ट करायला बांधलेलं असणं, कुणाचं देणं असणं, आणि कुणाचा तरी असणं, म्हणजे कुटुंबातला, गोटातला. शब्दकोशात पाहिलं तेव्हा आधी 'लागणे' आठवलं. मला जावं लागतं. मी त्याचे शंभर रुपये देणं लागतो. तो माझा मामा लागतो. दोन भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही, तरी दोघींनी कर्तव्य, कर्ज आणि गणगोत एकाच क्रियापदात बांधून ठेवलंय. कर्ज फेडून मोकळं होता येतं, मामा फेडता येत नाही. कर्तव्य या दोघांपैकी कुणाच्या जवळचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तो वर्षअखेरीस नोकरी सोडून गेला. मी पुण्याला परतल्यावर त्याला लिहिलं, 'तॉर्तोझोम नेकेद.' मी तुझं देणं लागतो. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'नेम तॉर्तोझोल शेम्मिव्हेल.' तू काहीही देणं लागत नाहीस. शेवटचा 'व्हेल' हा प्रत्यय फक्त देण्याच्या अर्थी येतो. नात्यासाठी वेगळा लागतो. तो त्याच्या उत्तरात नव्हता. माझ्याही वाक्यात नव्हता.