उसना ताल, स्वतःची साक्ष

रेवदंडा, कोर्लई वा अलिबागचा एखादा तरुण मोबाइलवर ताल लावून रॅप म्हणू लागला, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या उमटतात. ‘हे आपले नव्हे’, हा त्यांचा पहिला आक्षेप. तो आम्हांला टिकाऊ वाटत नाही. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास ही कला उदयास आली, हे खरे. पण जन्माने इंग्रज असलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीची ओवी आपलीशी करूनच ‘ख्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली छापून निघाले. कोर्लईच्या ख्रिस्ती घरांतील बोली तरी कोठली? पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये येथून गेली. तिचे शब्द मात्र गावाने मराठी वळण देऊन आजवर सांभाळले. उसने घेणे हा दोष नव्हे.

दोष अन्यत्र संभवतो. कादंबरीकार खुन्याच्या मुखाने बोलला तरी वाचक फसत नाही. रॅपमधला ‘मी’ मात्र श्रोता म्हणणाराच समजतो; तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असतो. अंधेरीत वाढलेल्या विवियन फर्नांडिस ऊर्फ डिव्हाइनने २०१५ साली नेझीसह ‘मेरे गली में’ म्हटले, तेव्हा ती गल्ली त्याची होती. तीच गल्ली आणि कधी न पाहिलेले पिस्तूल नारळी-पोफळीच्या वाडीतला मुलगा आपले म्हणून मिरवतो, तेव्हा तो स्वतःविषयीच खोटी साक्ष देतो. यात कोणाचे काय बिघडले? बिघडते ते हे, की रिकामी परतणारी होडी आणि बंगल्यांसाठी विकली जाणारी वडिलार्जित जमीन यांविषयी बोलणारा कोणी उरत नाही.

खऱ्या साक्षीला किंमत पडते. राजकारण्यांवर टीका करणाऱ्या रॅपवरून एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे व उमेश खाडे यांच्यावर पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. गावात तर परीक्षा अधिकच कठीण. जमीन विकणारा सख्खा काका निघतो आणि त्याच पैशातून आपले शिक्षण झालेले असते. अशा वेळी ‘मी’ने त्या व्यवहारातील आपला वाटा आधी सांगावा, मगच दुसऱ्याकडे बोट दाखवावे. एरव्ही ती साक्ष न राहता निंदा होते.

म्हणून तरुणाला आमचा प्रश्न तालाविषयी नाही. ‘हे तू पाहिलेस काय?’ एवढाच तो आहे. त्याने ‘होय’ म्हटले, तर आठ्या आवरून शेवटपर्यंत ऐकणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य ठरते.