रुग्णावाचून शुश्रूषा

‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. ‘श्रु’ या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झाला. गुरूचे ऐकणे, मग त्याची सेवा करणे आणि पुढे आजाऱ्याची सेवा करणे, असा त्याचा अर्थविस्तार झाला. ‘परिचारिका’ या शब्दातही ‘सभोवती वावरणारी’ हीच मूळ कल्पना आहे. दोन्ही शब्दांना दुसरा माणूस अभिप्रेत आहे. ज्याचे ऐकावे, ज्याच्याभोवती वावरावे, असा कोणी समोर नसेल तर हे शब्द पोकळ होतात. व्युत्पत्तीच्या हौसेपोटी हे मी सांगत नाही. अशा पोकळ शिक्षणाचा प्रश्न जबलपूरच्या उच्च न्यायालयात प्रत्यक्ष उभा राहिला, आणि १९५६ पर्यंत विदर्भासह एकाच राज्यात असलेले ते शहर मराठी वाचकाला परके नाही.

जबलपूरजवळ भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून नर्मदा वाहते. घाटाच्या वाटेवर मऊ दगडातून लहान मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांची दुकाने आहेत. नवशिका हाती छिन्नी घेतो तेव्हा आधी दगडच बिघडवतो आणि त्यात गैर काही नाही, कारण बिघडलेला दगड बाजूला टाकता येतो. खाली नदीत नाव हाकणाराही पाण्यावरच शिकतो, मात्र प्रवासी बसलेले असताना शेजारी जाणता हात असावा लागतो. परिचारिकेचे शिक्षण या दुसऱ्या जातीचे आहे. तिला चुकांतूनच शिकायचे आहे, पण तिची चूक कोणाच्या तरी शिरेत जाणार आहे. म्हणूनच चार वर्षांच्या पदवीसाठी महाविद्यालयाशी संलग्न अशा शंभर खाटांच्या रुग्णालयाची अट घातली गेली. ती निव्वळ कार्यालयीन अट नव्हे. त्या खाटा हेच त्या विद्येचे पाठ्यपुस्तक आहे.

मध्य प्रदेशात अनेक ठिकाणी हे पाठ्यपुस्तकच नव्हते. २०२२ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेतून रुग्णालयावाचून, शिक्षकांवाचून, काही ठिकाणी इमारतीवाचूनही चाललेल्या महाविद्यालयांचा प्रश्न पुढे आला. केंद्रीय अन्वेषण विभागाने ३०८ महाविद्यालये तपासून १६९ योग्य ठरवली. पण मे २०२४ मध्ये त्याच विभागाच्या एका निरीक्षकाला या तपासणीत लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि ‘योग्य’ ठरलेल्यांची फेरतपासणी करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. दरम्यान, २०२० च्या सुमारास प्रवेश घेतलेल्या मुलामुलींची पहिल्या वर्षाची परीक्षादेखील वर्षानुवर्षे लांबली.

न्यायालयाने अपात्र महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही परीक्षेला बसू दिले. खरा नैतिक पेच येथे सुरू होतो. कर्ज काढून शुल्क भरलेल्या मुलीने कोणाला फसवलेले नाही, उलट तिची फसवणूक झाली आहे. तिला ‘बनावट परिचारिका’ म्हणणे हा लोकापवाद अन्यायाचा आहे. पण या वादात आणखी एक पक्षकार आहे. तो अजून आजारी पडलेला नाही, त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही आणि त्याचा वकील न्यायालयात उभा नाही. मुलीवर दया दाखवून तिला सरळ उत्तीर्ण करा म्हणणारे ती दया या अनामिकाच्या खात्यातून खर्च करतात.

छोटेपणा हा येथला दोष नव्हे. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन स्थापन झाले तेव्हा ती संस्थाही लहानच होती. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली तिने स्त्रियांना परिचारिका करण्याचे काम अंगावर घेतले ते स्वतःच्या रुग्णालयाच्या बळावर नव्हे. तिच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात शिकल्या. परपुरुषाच्या अंगाला हात लावण्याचे काम कुलीन स्त्रीने, त्यातही विधवेने, करावे काय, असे विचारणारा तो काळ होता. त्या काळाचा सोवळेपणा आपण हसण्यावारी नेतो. पण स्पर्शाखेरीज ही विद्या नाही, एवढे त्या विरोधकांनाही कळत होते. आजच्या कागदी महाविद्यालयाने तो स्पर्शच गाळला आणि त्याबद्दल कोणी सोवळे पाळले नाही.

मला न्यायालयाची परवानगी योग्य वाटते, परंतु अपुरी वाटते. उत्तरपत्रिका स्मरणशक्ती मोजते. हरवले आहेत ते वॉर्डातील तास. ते तास हे या विद्यार्थ्यांचे राज्यावर असलेले ऋण आहे, कारण मान्यता देणारे हात राज्याचेच होते. शासकीय रुग्णालयांत, नवे शुल्क न घेता, विद्यावेतन देऊन ते फेडले पाहिजे. आधीच वर्षे गमावलेल्या मुलीला आणखी काही महिने थांबवणे हा दुसरा अन्याय नव्हे काय, असा आक्षेप येईल. तो अन्यायच आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याची भरपाई पैशाने काही अंशी तरी होऊ शकते. चुकीच्या मात्रेची होत नाही. या विषमतेमुळेच दोन निरपराध पक्षांत मी न जन्मलेल्या दुखण्याच्या बाजूला अधिक झुकतो, आणि त्याचा खर्च मुलीने नव्हे, शासनाने सोसावा असे म्हणतो.

परिचारिकेच्या शिक्षणात एक नोंदवही असते. कोणते काम किती वेळा केले ते तीत लिहायचे, आणि समोर उभे राहून ते पाहणाऱ्या अनुभवी सिस्टरने खाली सही करायची. परीक्षेचा निकाल लावण्याआधी विद्यापीठाने ही वही मागवावी आणि सही करणारी सिस्टर त्या दिवशी कोणत्या वॉर्डात कामावर होती ते तपासावे.